चांदावरची तीट

बाळासो शेटनं ती पेटी गिऱ्हाइकाच्या हातात दिलीच नाही. दोन्ही तळव्यांवर घेऊन डोक्याइतकी उंच धरली, जसं काय पंचगंगेच्या पुरातनं वाचवलेलं लेकरूच. महाद्वार रोडवर त्याचं दुकान. बांगड्या, फण्या, आरसे, अत्तराच्या कुप्या, नवरीच्या कुंकवाच्या पेट्या, सगळं तिथं मिळायचं आणि वर शेटची बडबड फुकट. त्या दिवशी होता मंगळवार. अंबाबाईला आलेल्या बायकांची ही गर्दी, त्यामुळं शेटच्या अंगात आलेलं.

"जपान!" शेट ओरडला. "बोटीनं मुंबईला, तितनं आगगाडीनं थेट कोल्हापुरात! भुश्यात घालून आणलीया. हात लावू नका, निस्तं बगा!"

पायरीशी खतिजाबी उभी होती. पंचेचाळिशीची, बुटकी बाई, बोलायला लागली की उंच वाटायची. काखेत फडक्यात बांधलेल्या चार पेट्या. तिचा बाप ताबुताच्या काचा रंगवायचा. त्याला मुलगा नव्हता, म्हणून ती कला पोरीच्या हातात उतरली. मोहरमला ताबुतावरच्या रंगीत काचा तिच्या, आणि बाकी वर्षभर नवरीच्या पेट्या. काचेला आतल्या अंगानं रंग द्यायचा आणि बाहेरनं बघायचं. मागं लाल जमीन, मधी मोर, कडेनं वेल, वेलीला फुलं, फुलांच्या मधी जागा राहिली तर आणखी फुलं. अकरा वर्षं ह्या पेट्या ह्याच दुकानातनं कोल्हापूरभर गेल्या होत्या.

"शेट, चार आणल्यात," ती म्हणाली.

"परत न्हे."

"का? मोर आजारी पडला का काय?"

"मोर गावठी हाय तुझा." शेटनं पेटी अलगद फळीवर टेकवली. "गाडग्यावर बसवला तरी शोभंल अन् पेटीवर बसवला तरी शोभंल. ही बग. जपानात लाकडाच्या डब्यांवर झाडाच्या चिकाचं काळं रोगण चढवत्यात. थरावर थर, म्हैना-म्हैना. त्यावर सोन्यानं चित्र. राजेलोकांचं काम हाय ते. तेच हितं काचंच्या पोटात आणलंय." हे सगळं त्याला मुंबईच्या दलालानं सांगितलेलं. शेटनं आगगाडीत बसल्या-बसल्या पाठ केलं होतं.

खतिजाबीनं बघितलं. वीतभर लांब पेटी, चार बोटं उंच. चारी बाजूंनी काच, आत काळा रंग. काळा म्हणजे असला, की विहिरीत वाकून बघतोय असं वाटावं. त्या काळ्यावर सोन्याचं एक वाकडं झाड, लांब टांगांचा एक पक्षी, वरच्या कोपऱ्यात एक वाटोळा चांद. बस्स.

तिनं काखेतलं गाठोडं खाली ठेवलं आणि पुढं वाकली. वाईट वाटलं म्हणून नव्हे. काम चांगलं होतं म्हणून.

"विलायतेत लढाई लागलीया," शेट चालूच. "जर्मनाचा माल बंद. आता फळीवर निस्तं जपान. तुझ्या पेट्या मी माळ्यावर टाकल्यात. असली सफाई कोल्हापुरातल्या हाताला न्हाय, खतिजाबी, अन् यायची बी न्हाय."

पायरीच्या एका कडंला चिमणाबाई फुलवाली बसायची. तिनं हार करता-करता मान वर केली. बाकावर हंबीरराव बसलेले. हे पूर्वी रिसाल्यात होते, आता घोडा नव्हता पण मिशा होत्या, आणि रोज सकाळी शेटच्या बाकावर बसून अख्ख्या रस्त्याची पाहणी करायचे. त्यांनीही मान वळवली. झालं, चार माणसं ऐकत होती. आता माघार घेतली असती तर ती खतिजाबी नव्हती.

"पंध्रा दिसांनी मंगळवारी येते," ती म्हणाली. "अशीच पेटी घेऊन. तुमच्या जपानी पेट्यांत मिसळून ठेवायची. माझी कुठली ती तुम्ही हुडकायची. हुडकलीसा तर मी ह्या पायरीला पुन्हा पाय लावणार न्हाय."

"अन् न्हाई हुडकली तर?"

"तर ह्याच पायरीवर उभं ऱ्हायचं अन् 'ही खतिजाबीची पेटी' असं तीन डाव वराडायचं. मगाशी जपान वराडलासा तसं. अन् माझ्या पेट्या माळ्यावरनं खाली, पुढच्या फळीवर. माझ्या नावानं."

शेट हसला. हंबीररावांनी मिशीला पीळ दिला. "मी पंच. शब्द फिरवायचा न्हाय, बाळासो."

"फिरवतोय कशाला? ही बाई पायरी सोडणार म्हणून मीच पेढं वाटतो बगा."

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. शमशुद्दीन काच कापायचा. हात हिऱ्यासारखा धारदार आणि मन मेणासारखं. ऐकून त्यानं कपाळाला हात लावला.

"अगं, अकरा वर्सांचं दुकान. एका तोंडानं घालवलंस की."

"अजून घालवलं न्हाय. पंध्रा दिस हायती."

"पेटी धड बघितली तरी हाईस का? आत रंग कसा, कडा कशा जोडल्यात? लांबनं बघून कशी करणार?"

"लांबनं कशाला? घरी आणू की."

तर ही आणायची गोष्ट. त्या काळी सरदारांच्या घरच्या बायका गोशात असायच्या, बाजारात यायच्या नाहीत. त्यांची खासगीतली, म्हणजे घरच्या चाकरीतली, बाई दुकानात यायची, माल पसंतीला घेऊन जायची, बाईसाहेब बघायच्या, नको असला तर परत. शेट असल्या बाईच्या नुसत्या नथीकडं बघून माल बांधून द्यायचा. खतिजाबीच्या शेजारी बायडाबाई राहायची. चार म्हशी, सहा पोरं, आणि आवाज असा की म्हशीसुद्धा वचकून दूध द्यायच्या. खतिजाबीनं तिला आपल्या लग्नातलं जरीचं लुगडं दिलं, नथ दिली, आणि सांगितलं, "बायडाक्का, तिथं जाऊन बोलायचं न्हाय. निस्तं नाक वर करायचं."

बायडाबाईनं नाक एवढं वर केलं की पापाच्या तिकटीला, भर चौकात, बैलगाडीवर आदळता-आदळता राहिली. दुकानात जाऊन तिनं बोटानं पेटी दाखवली.

शेट तीनताड उडाला. "कुठल्या घरच्या म्हणायच्या, बाई?"

"ते तुमी मला इचारताय?" बायडाबाई म्हणाली. एवढंच. पण असल्या घुश्शात म्हणाली, की शेटला घाम फुटला.

"न्हाय, न्हाय, चुकलंच. न्ह्या की. बाईसाहेबांनी निवांत बघू द्यात. म्हैनाभर ठेवली तरी चालंल."

तासाभरात जपान गंगावेशीत, खतिजाबीच्या घरी, म्हशीच्या गोठ्याशेजारी.

खतिजाबीनं पेटी उन्हात धरली, पालथी केली, झाकण उघडून आतनं बघितली, नख लावलं, वास घेतला. आणि हसायला लागली.

"अवो, इकडं या. ही विद्या तर आपल्या घरातलीच हाय."

कारण काचेच्या पोटात रंगवायचं म्हणजे सगळं उलटं. कागदावर आधी जमीन, मग झाड, शेवटाला पानाची रेघ. काचेवर आधी पानाची रेघ, मग पान, मग झाड, आणि सगळ्यात शेवटी जमीन. जे पहिल्यांदा काढलं ते बघणाऱ्याच्या सगळ्यात जवळ, आणि एकदा वरनं दुसरा रंग चढला की पहिल्याला हात लावायची सोय नाही. जपानातला तो कोण कारागीर, तोही असाच उलटा बसला असणार. खतिजाबीला एकदम तो भाऊबंद वाटायला लागला. भाऊबंद म्हटला की हरवायची हौस आणखीच चढते.

पहिली अडचण काचेची. जपानी काच पातळ, आणि असली पातळ काच लढाईमुळं बाजारात नव्हती. ती शमशुद्दीननं सोडवली. गावात एक फोटो काढणारा होता, त्याच्याकडं जुन्या फोटोंच्या काचांचा ढीग पडलेला. शमशुद्दीन टोपलीभर घेऊन आला. मग दोघांनी बसून सोडा टाकलेल्या गरम पाण्यात त्या काचा धुतल्या. एकीवरनं मिशीवाला फौजदार वाहून गेला. एकीवरनं अख्खं लग्नाचं वऱ्हाड गेलं, शेवटपर्यंत नवरा तेवढा चिकटून बसला होता, त्याला काथ्यानं घासून काढायला लागला.

दुसरी अडचण सोन्याची. बेगड लावून बघितली, ती ताबुतासारखी चकाकली. ताबुतावर ते ठीक, पेटीवर जत्रेतलं खेळणं दिसायला लागलं. पितळेची पूड लावली, ती दोन दिवसांत काळवंडली. तिसऱ्या काचेवर तिनं रोगणात पिवळा रंग उतरवून पातळ हात दिला आणि मागनं हलवायाकडचा चांदीचा वर्ख चिकटवला. पालथी करून बघितली. सोनं! अगदी तसलं, दबकं, जुनं सोनं.

काळा रंग तर सोपाच. चुलीवरची नको, दिव्याची काजळी, दोनदा वस्त्रगाळ करून राळेच्या रोगणात घोटलेली. घोटायला बायडाबाईला बसवलं. तिच्या मनगटात चार म्हशींचं बळ होतं.

पक्षी मात्र जमेना. हात मोराला सरावलेला. पाय काढला की मोराचा, मान काढली की मोराची. "हा उडणारा न्हाय, नाचणारा दिसतोय," शमशुद्दीन म्हणाला. तेव्हा ती पहाटे उठून चालत कळंब्याला गेली. तळ्याच्या काठाला बसली. बगळे येऊन उभे राहिले, एक पाय पोटात घेऊन, जसे काय कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचंच नाही असं ठरवून. चार सकाळी ती त्यांच्याकडं बघत बसली आणि ओल्या मातीत काडीनं काढत राहिली. पाचव्या सकाळी तिच्या हातानं मोर सोडला.

आणि तरीही खरी अडचण वेगळीच होती.

"अवो, ह्या माणसानं निम्मी पेटी रिकामीच ठेवलीया!"

"मग तू बी ठेव."

"तसं कसं ठिवू? ही बगा, झाडाच्या अन् चांदाच्या मधी चार बोटं काळोख. कायच न्हाय तितं! एक फूल टाकलं तर कुणाचं काय जातंय?"

"दुकान जातंय आपलं," शमशुद्दीन म्हणाला. लग्नाच्या पंचवीस वर्षांत त्याचं एवढं नेमकं बोलणं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

तिनं एक काच केली आणि शेवटच्या घडीला हात घसरला, कोपऱ्यात वेल आली. फोडली. दुसरी केली, पक्ष्याच्या पायाशी गवत उगवलं, गवताला फुलं लागली. तीही फोडली. तिसऱ्या वेळी रेघा झाल्याबरोबर तिनं कुंचला खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली घालून त्यावर बसली.

"हे काय?" बायडाबाईनं विचारलं.

"गप. हाताला फुलं सुटाया लागल्यात."

पार दुपार टळेपर्यंत ती तशी हातांवर बसून त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिली. आणि बघता-बघता तिला कळलं की तो काळोख रिकामा नाही. त्या पक्ष्याला उडायचं असलं तर जाणार कुठं? तिथंच. फूल टाकलं असतं तर त्याची वाटच बुजली असती. मग तिचे हात आपोआप थंड झाले. उठली, वर्ख लावला, काळा चढवला. शमशुद्दीननं पितळी पट्ट्या वाकवून कडा जोडल्या, झाकणाला बिजागरी बसवली. आणि जपानी पेटीबरोबर आलेल्या भुश्यात ती तीन दिवस पुरून ठेवली, म्हणजे वाससुद्धा बोटीतनं आल्यासारखा.

सोमवारी सकाळी तिनं भुश्यातनं पेटी काढली, पुसली, जपानी पेटीच्या शेजारी दारात ठेवली. शमशुद्दीन बघत राहिला. उजवी-डावी करून बघितलं. "या अल्ला," तो म्हणाला, "आता मलाच कळंना, कुठली–" आणि थांबला. खाली वाकला.

"खतिजा. चांदावर काय हाय?"

चांदावर ठिपका होता. मोहरीएवढा, काळा, वरच्या अंगाला.

खतिजाबीनं पेटी उचलून उजेडात धरली. तिला आठवायची गरजच नव्हती. बापानं शिकवलेलं पहिलं: कोरी काच हातात घेतली की आधी वरच्या कोपऱ्यात तीट. लेकराच्या गालाला लावतात तशी, कामाला नजर लागू नये म्हणून. आधी तीट, मग चित्र. बत्तीस वर्षांत एकही काच तिनं तिटेशिवाय सुरू केली नव्हती. हे ती करायची नाही, हात करायचा, जसा पायरी आली की पाय उचलतो. आजवर तो ठिपका वेलींच्या आणि फुलांच्या गर्दीत बुडून जायचा, तिलासुद्धा दिसायचा नाही. आणि ह्या पेटीत वरच्या कोपऱ्यात होता नुसता भकास, मोकळा, पिवळा चांद.

"खरवडू या?"

"कसं खरवडणार? सगळ्यात आदी दिलाय. त्याच्या मागं सोनं, सोन्याच्या मागं काळं. आख्खी पेटी खरवडायला लागंल."

"मग उद्या जाऊ नगंस. ताप आला म्हणून सांगतो."

खतिजाबीनं पेटी फडक्यात गुंडाळली, गाठ मारली, गाठीवर गाठ मारली. "मंगळवार म्हणलं हाय म्हंजे मंगळवार. काम माझं हाय. हरलं तर माझंच हरंल की. पळून कशाला हरवू?"

मंगळवारी दुकानापुढं ही एवढी माणसं. हंबीररावांनी गावभर बोलवणं केलं होतं, मिशांना तेल लावून आले होते. शेटनं बाकावर पाट मांडला, पाटावर पाच जपानी पेट्या. "एक खासगीत पसंतीला गेलीया," तो चारचौघांत मोठ्यांदा म्हणाला. गर्दीत बायडाबाईला एकदम खोकला लागला.

शेटनं पाठ फिरवली. हंबीररावांनी खतिजाबीच्या फडक्यातली पेटी काढली, पाचांत मिसळली, दोनदा जागा बदलल्या. "हं. वळा."

शेट वळला. हातावर हात चोळले. पहिली पेटी उचलली, टिचकी मारली. दुसरीचा वास घेतला. तिसरीचं झाकण उघडलं, कानाशी धरलं, जसं काय आत कुणी जपानी बोलतोय. सगळ्या पेट्या हातानं काढलेल्या, त्यामुळं एकीचा पक्षी जरा जाड, एकीचं झाड जरा आखूड. चौथीला चांद छोटा होता. पाचवी उचलली, आणि त्याचा अंगठा चांदावर थांबला.

शमशुद्दीननं डोळे मिटले.

शेटनं पेटी उजेडाकडं नेली. डोळे बारीक केले. आणि एकदम, "आहाहा!" म्हणाला. "बगा! हितं या, हंबीरराव! ह्याला म्हणायचं जपान! हा चांद बगा अन् चांदावर काय हाय बगा!"

"ठिपका हाय."

"ठिपका न्हवं! पाखरू हाय! कोसभर लांबनं चांदापुढनं उडत चाललंय! मोहरीएवढं पाखरू, अन् त्यात बी उडण्याची ऐट! आता सांगा, आपल्याकडचा मानूस असलं काय काढंल? हितं पाखरू म्हणलं की पेटीभर मोर." त्यानं पेटी छातीशी धरली. "ही अस्सल. सगळ्यांत अस्सल हीच!"

मग त्यानं दुसऱ्याच एका पेटीवर बोट ठेवलं, पक्षी जरा जाड होता तिच्यावर. "अन् ही खतिजाबीची. पाय बगा, कसा वाकडा. कोल्हापुरी हात लपत न्हाय."

हंबीरराव खतिजाबीकडं वळले. तिनं शेटच्या छातीकडं बोट केलं.

"माझी ती. उराशी धरलीया ती."

असला हशा उसळला की चिमणाबाईच्या टोपलीतली फुलं हलली. शेटचं तोंड उघडं ते उघडंच. पण दुकानदार तो दुकानदार. त्यानं पेटी काखेत मारली, खतिजाबीला आणि शमशुद्दीनला बाह्या धरून बांगड्यांच्या खोक्यांआड ओढलं आणि आवाज खाली आणला.

"खतिजाबी, मानलं तुला. आता ऐक. भाईर जाऊन म्हण, शेटनं वळकली, मी हरले. अशा जेवढ्या करशील तेवढ्या मी घेतो. दुप्पट भाव. जपानी म्हणूनच इकू. बोट बुडू दे, लढाई चालू दे, आपलं जपान गंगावेशीत! कुणाला कळतंय?"

शमशुद्दीननं बायकोकडं बघितलं. दुप्पट भाव त्याच्या डोळ्यांत दिसत होता, लपवायला त्याला कधी आलंच नाही.

"अन् माझं नाव?" खतिजाबी म्हणाली.

"नावाला काय चाटायचंय?"

"बगळ्यामागं चार दिस कळंब्याला गेले मी. हातांवर बसले. अन् लोकांनी म्हणायचं जपान्यानं काढलं? त्या बिचाऱ्या जपान्याला बी न केलेल्या कामाचं नाव का चिकटवताय? चला शेट. पायरी तिकडं हाय."

शेटचा चेहरा बदलला. तरातरा बाहेर आला आणि लोकांपुढं हात पसरले. "ही म्हणती माझी. कशावरनं? सगळ्या सारख्याच! आता पाहिजे त्या पेटीवर बोट ठेवंल की ही!"

"मी हातानं मिसळलीया," हंबीरराव म्हणाले.

"तुमी मिसळताना मोजून ध्यान ठेवलं व्हतं का, कुठली कुठं गेली?"

हंबीररावांनी पाटाकडं बघितलं आणि मिशीला हात लावला. दोनदा जागा बदलायची हौस त्यांचीच होती. कुठली कुठं गेली, ते त्यांनाही आता सांगता येईना. गर्दी कुजबुजायला लागली. जिंकलेला डाव हातातनं सरकत होता.

आणि चिमणाबाई फुलवाली गुडघ्यावर हात टेकून उठली. शेटच्या काखेतली पेटी तिनं ओढून घेतली आणि नाकाशी आणून बघितली. बाईनं सात लेकरं वाढवलेली.

"अगं बया," ती म्हणाली. "पाखरू कशाचं मेल्या? ही तर तीट!"

खतिजाबीचे डोळे चमकले. ज्या ठिपक्यापायी रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता, तोच आता तिच्या बाजूनं उभा राहिला होता.

"शेट," ती म्हणाली, "माळ्यावर माझ्या पेट्या हायती न्हवं? तुमच्याच माळ्यावर, तुमीच टाकलेल्या. काढा खाली. मी हात बी लावत न्हाय."

हंबीरराव स्वतः शिडीला लागले. धुळीनं माखलेल्या नऊ पेट्या खाली आल्या. चिमणाबाईनं पदरानं एकेक पुसली आणि खतिजाबीनं सांगितलं, "वरच्या कोपऱ्यात बगा. फुलांच्या मधी."

पहिल्या पेटीत, दोन गुलाबांच्या मधी, मोहरीएवढा काळा ठिपका. दुसरीत मोराच्या तुऱ्याच्या वर. तिसरीत. चौथीत. बायका पुढं घुसल्या, ज्याची-त्याची बोटं काचेवर. "हितं बी हाय की ग!" "ह्यात बी!" एकजण ओरडली, "माझ्या लग्नातल्या पेटीत बी असंल, घरी जाऊन बगते!" मग हंबीररावांनी पाटावरच्या बाकीच्या पाच पेट्या एकेक करून उजेडात धरल्या. चांद पाचही, ठिपका एकावरही नाही.

"बाळासो," हंबीरराव म्हणाले, "अकरा वर्सं ह्या पेट्या इकल्यास. एकदा तरी बघितल्यास काय रं?"

शेट पायरीवर उभा राहिला. घसा खाकरला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"ही... खतिजाबीची पेटी."

"कुणाची?" मागनं एक बाई. "हिकडं कायच ऐकू न्हाय आलं!"

"ही खतिजाबीची पेटी!"

"मगाशी जपान कसं पार तळ्यापतोर गेलतं," चिमणाबाई म्हणाली.

शेटनं डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासनं ओरडला. तिसऱ्या वेळी महाद्वारापाशी दर्शनाच्या ओळीत उभ्या असलेल्या बायकांनी वळून बघितलं, आणि समोरच्या हलवायाच्या हातातनं झारा खाली पडला. खतिजाबी हात जोडून ऐकत उभी होती, कुणी आपल्या नावानं अभंग म्हणावा तशी. तिसऱ्या हाकेनंतर तिनं एकदाच पदरानं डोळे टिपले आणि लगेच फळीकडं बोट केलं. "पुढची फळी. मधली जागा. अन् ह्या माळ्यावरच्या बी."

शेट फळी पुसत होता तेवढ्यात गर्दीतनं वाट काढत बायडाबाई पुढं आली. आज जरीचं लुगडं नव्हतं, नथ नव्हती, हाताला कोपरापर्यंत शेण होतं. फक्त नाक तेवढं वर होतं. काखेतली जपानी पेटी तिनं शेटच्या पुढ्यात ठेवली.

"घ्या. बाईसाहेबांना पसंत न्हाय."

शेटनं तिच्याकडं बघितलं. पेटीकडं बघितलं. शेणाकडं बघितलं. मग हळूहळू खतिजाबीकडं वळला. तिनं नजर खाली घातली आणि पदरात तोंड घालून हसू दाबायला लागली.

"का पसंत न्हाय?" शेटनं मरगळल्या आवाजात विचारलं.

"तीट न्हाय हिला," बायडाबाई म्हणाली. "असली उघडी पेटी घरात ठिवत्यात व्हय?"

आणि चिमणाबाईच्या मागनं एक बाई खरंच पुढं आली, दोन्ही पेट्या उजेडात धरून बघितल्या, आणि चांदावर ठिपका असलेली उचलली. "ही बांधा," ती म्हणाली. शेटनं भुसा घेतला, पेटी गुंडाळली. बांधता-बांधता त्याचा अंगठा आपसूक त्या ठिपक्यावर गेला आणि जरा वेळ तिथंच थांबला.

खतिजाबी थांबली नाही. शमशुद्दीनला म्हणाली, "चला. फोटोवाल्याकडं आजून किती काचा हायती? ऊन उतरायच्या आत एक तरी सुरू करू."